महाविद्यालयात बोलावलेला वक्ता ऐनवेळी रद्द : विरोध कुठपर्यंत आणि पुढं करायचं काय?

माहुलीकर (धागाकर्ता)

मंडळी, मी सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिकवतो. वाङ्मय मंडळाचं काम माझ्याकडं आहे. आम्ही एका इतिहास-अभ्यासकांचं व्याख्यान ठरवलं होतं. विषय मुलांनीच सुचवलेला. पत्रिका वाटल्या, गेटवर फ्लेक्स लागला आणि कार्यक्रम तोंडावर आला असताना दोन संघटनांची निवेदनं आली.

पंधरा-वीस जण केबिनमध्ये उभे, एकानं मोबाईल आडवा धरलेला. प्राचार्यांनी खुर्चीतून उठून कागद घेतला, फोटो झाला, आवक-जावकच्या टेबलावर शिक्का मारून पोच घेतली आणि मंडळी गेली. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. निवेदनातली शेवटची ओळ मात्र अशी होती : 'व्याख्यान झाल्यास होणाऱ्या परिणामांस महाविद्यालय प्रशासन जबाबदार राहील.' संध्याकाळी पोलिस ठाण्यातून मला नोटीस आली. तिचा शेवट असा : 'कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण झाल्यास आपणांस जबाबदार धरण्यात येईल.' दोन्ही कागद शेजारी ठेवून मी बराच वेळ बघत बसलो. परिणाम करणारे वेगळे आणि जबाबदार मात्र मी, या एका गोष्टीवर दोघांचंही एकमत होतं!

दुसऱ्या दिवशी संस्थेतून फोन आला आणि फ्लेक्सवर पट्टी चिकटली, 'अपरिहार्य कारणास्तव'.

वक्त्याचं नाव आणि ते कोणत्या बाजूचे हे मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की पुढचे सगळे प्रतिसाद त्यांच्यावरच येतील. मला विचारायचंय ते असं की ज्यांना वक्ता मान्य नाही त्यांनी विरोध कसा करावा, कुठं थांबावं, आणि महाविद्यालयानं काय करायला हवं होतं?

---

वाईकर

जागा पकडून ठेवतो. सविस्तर नंतर लिहीन. एवढंच सांगतो, आमच्याकडं वसंत व्याख्यानमालेला पिढ्यान् पिढ्या परस्परविरोधी माणसं येऊन बोलून गेली. श्रोते घरी जाताना भांडायचे, पण व्याख्यान पुरतं ऐकून मग.

---

रोखठोक_कोरेगाव

सर, तुमच्या कॉलेजात नाही, पण दुसरीकडं असं निवेदन देणाऱ्यांत मी होतो, म्हणून बोलतो. आम्हाला गुंड समजू नका. बोलायचा हक्क वक्त्याला आहे तसा जमून निषेध करायचा हक्क आम्हालाही आहे, एकाच कलमातला.

दुसरी गोष्ट. तुम्ही लोक 'फक्त विचार ऐकतोय' म्हणता, पण प्रत्यक्षात काय होतं? गाडी पाठवता, रांगोळी काढता, स्टेजवर शाल-श्रीफळ देता, परिचयात 'थोर विचारवंत' म्हणता. पैसा मुलांच्या फीमधला. ज्यानं आमच्या दैवताबद्दल वाट्टेल ते लिहिलं त्याचा आमच्या पोरांच्या पैशानं सत्कार करायचा आणि आम्ही गप बसायचं? त्यानं स्वतःचा हॉल घ्यावा आणि खुशाल बोलावं. कॉलेज मान देतं, याला आमचा विरोध आहे.

---

शाहूपुरी_पेठ

आधी वक्ता कोण ते सांगा हो. नावाशिवाय चर्चा म्हणजे पोवई नाक्यावर उभं राहून 'सरळ जाऊ का?' विचारण्यासारखं. कुठं जायचंय ते कळल्याशिवाय कोण सांगणार! :)

---

काळाकोट

नावाशिवायही बरंच सांगता येतं. जिल्हा न्यायालयात वकिली करते, त्यामुळं कायद्याचं बोलते.

घटनेचं कलम १९(१)(क) बोलण्याचं स्वातंत्र्य देतं, १९(१)(ख) शांततेनं, विनाशस्त्र जमण्याचं. रोखठोक म्हणतात ते इथपर्यंत बरोबर. निर्बंध कशासाठी घालता येतात त्याची यादी १९(२) मध्ये आहे : देशाची सार्वभौमता आणि एकात्मता, सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता आणि नीती, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. 'आम्हाला पटत नाही' हे त्या यादीत नाही.

मग 'सार्वजनिक सुव्यवस्था' म्हणून कार्यक्रम बंद पाडता येतो का? १९८९ साली रंगराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं यावरच निकाल दिलाय. एका तमिळ चित्रपटावरून वाद होता, आरक्षणाचा विषय होता. न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की मोर्च्याच्या किंवा हिंसेच्या धमकीमुळं अभिव्यक्ती दडपता येणार नाही; तसं केलं तर ती धमकी देणाऱ्यांपुढं शरणागती ठरेल. बोलणाऱ्याला संरक्षण देणं हे सरकारचं काम आहे आणि 'आम्हाला जमाव आवरत नाही' ही सबब चालणार नाही. पुढं २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी असा फरक केला. पहिल्या दोन गोष्टी कितीही झोंबल्या तरी चालतात, तिसरी आली की कायदा आत येतो.

सर, तुम्हाला आलेली नोटीस बहुधा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची असणार. जुलै २०२४ च्या आधी हीच १४९ ची नोटीस म्हणून सगळ्यांना माहीत होती. दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून पोलिसांनी उपाय करावा, यासाठी ते कलम आहे. आयोजकाला द्या, पण मग धमकी देणाऱ्यालाही द्या. त्या संघटनांना नोटीस गेली का, हे लेखी विचारा. माहितीचा अधिकार आहेच.

---

माहुलीकर

@काळाकोट, नोटीस १६८ चीच आहे मॅडम. त्यांना गेली का हे विचारायचं सुचलं नव्हतं. उद्या अर्ज देतो.

---

कृष्णाकाठ

माझं वय सत्तरच्या पुढं आहे. कराडला कॉलेजात होतो तेव्हाचं लिहितो.

१९७५ च्या डिसेंबरात कराडला साहित्य संमेलन भरलं, एक्कावन्नावं. देशात आणीबाणी. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, निम्मा विरोधी पक्ष तुरुंगात. अध्यक्षा दुर्गाबाई भागवत. यशवंतराव चव्हाण तेव्हा केंद्रात मंत्री, आणि कराड म्हणजे त्यांचं घर. अशा ठिकाणी बाईंनी लेखनस्वातंत्र्यावर बोलायचं ते बोललंच, आणि जयप्रकाश नारायण मुंबईत आजारी होते, त्यांना बरं वाटावं म्हणून सगळ्यांना प्रार्थना करायला लावली. जयप्रकाशांचं नाव चारचौघांत घ्यायलाही लोक घाबरायचे असे ते दिवस! मी मंडपाच्या कडेला बांबूला धरून उभा होतो. शेजारच्या माणसानं माझा हात घट्ट धरला. ओळख ना पाळख.

पुढं १९७६ मध्ये बाईंना अटक झाली. पण त्या दिवशी त्या मंडपात कुणी त्यांचा माईक बंद केला नाही. यशवंतरावांना ते बोलणं सोयीचं होतं असं कोण म्हणेल? तरी ऐकलं.

आज एका कॉलेजच्या सभागृहात एका अभ्यासकाला दीड तास बोलू देता येत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

---

रोखठोक_कोरेगाव

काका, तुमचा मान राखून सांगतो. दुर्गाबाई सत्तेविरुद्ध बोलल्या. लोकांच्या श्रद्धेविरुद्ध बोलणं वेगळं.

---

टेंभूचा_पोरगा

वेगळं कसं? आमच्याच गावचे आगरकर घ्या. कराड तालुक्यातलं टेंभू, जन्म १८५६. सत्तेविरुद्ध लिहिलं म्हणून डोंगरीच्या तुरुंगात गेले आणि रूढींविरुद्ध लिहिलं म्हणून पुण्यात लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. ती यात्रा स्वतःच्या डोळ्यांनी बघून माणूस पुन्हा लिहायला बसला. आज शाळेत आगरकरांवर भाषण केलं की पोरांना बक्षीस मिळतं. सावित्रीबाई खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या, त्यांच्या अंगावर शेण कुणी टाकलं? श्रद्धा दुखावलेल्यांनीच ना?

---

महाबळेश्वर_पॉइंट

जिल्ह्याचा विषय निघालाच आहे तर २००९ ही आठवा. बयाऐंशीवं संमेलन महाबळेश्वरला, निवडून आलेले अध्यक्ष आनंद यादव. तुकोबांवरच्या त्यांच्या कादंबरीवरून वारकरी मंडळी संतापली. यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागं घेतलं, तरी भागलं नाही आणि शेवटी राजीनामा दिला. संमेलन अध्यक्षाविना झालं. आमच्या लॉजवर उतरलेले रसिक व्हरांड्यात बसून हेच बोलत होते.

मी माळकरी घरातला आहे. त्या कादंबरीतली काही पानं मलाही लागली होती, मनापासून लागली होती. पण तुकोबांवर जाहीर बोलायची एवढी मोठी संधी होती. वारकऱ्यांतले अभ्यासू लोक त्याच मंडपात उभे राहून एकेक अभंग काढून उत्तर देऊ शकले असते. महाराष्ट्रानं ते ऐकलं असतं. तसं न होता खुर्ची रिकामी राहिली.

---

नीलमोहर

इथं सगळे 'बोलू द्या' म्हणताहेत म्हणून दुसऱ्या टोकाचं लिहिते.

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या कॉलेजात एक प्रेरणादायी वक्ते आले होते. मधेच ते गुणवत्तेवर घसरले. सवलतीवर आलेल्या मुलांमुळं देश मागं राहिला वगैरे. पुढच्या रांगेत टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत ज्यांच्या डब्यातली भाजी मी रोज खायचे त्या मैत्रिणीही होत्या. मी शिष्यवृत्तीवर शिकणारी, वसतिगृहात राहणारी. बहुतेकांना माझी जात माहीत होती आणि त्यातल्या दोघी-तिघींनी वळून माझ्याकडं बघितलं. ते बघणं मी विसरलेले नाही.

शेवटी प्रश्नोत्तरं होती. मी हात वर केला. माईक माझ्यापर्यंत आला, मी उभी राहिले, 'सर, तुम्ही जे म्हणालात' एवढं म्हटलं आणि सूत्रसंचालक सरांनी वेळेअभावी आभारप्रदर्शन घ्यायला सांगितलं. माईक हातातून घेतला. वक्ते चहाला गेले.

म्हणून स्वातंत्र्याच्या गप्पा ऐकल्या की मी विचारते, कुणाचं? स्टेजवरच्याला माईक, सत्कार, दीड तास. ज्याच्याबद्दल बोलला त्याला एक वाक्यही नाही. अशा माणसाच्या कार्यक्रमाबाहेर मी आज काळी फीत लावून उभी राहीन.

त्याच्यावर बंदी घाला असं मात्र मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. बंदीची सवय लागली की ती आधी आमच्याच माणसांवर येते. आंबेडकर जयंतीचे वक्ते 'वातावरण बिघडेल' म्हणून बदललेले मी पाहिलेत. मला माझं वाक्य पूर्ण करायचं होतं, एवढंच.

---

काळाकोट

नीलमोहर, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे. माझा कायदा तुमच्या हातातून माईक घेणाऱ्या सरांपर्यंत पोचत नाही.

---

रोखठोक_कोरेगाव

ताई, तुमचं पटलं. आमचंही तेच दुखणं आहे. आमच्या बाजूचा माणूस उभा राहिला की त्याला अडाणी समजून हसतात.

---

लेस्टरकर_सांगली

मूळचा सांगलीचा, आता इंग्लंडात एका विद्यापीठात नोकरी करतो. हा वाद आपल्याकडंच आहे असं समजू नका.

अमेरिकेत २०१७ च्या मार्चमध्ये मिडलबरी कॉलेजात चार्ल्स मरे यांना बोलावलं होतं. वंश आणि बुद्धिमत्तेवरच्या त्यांच्या लिखाणामुळं विद्यार्थी चिडलेले. ते उभे राहताच मुलांनी पाठ फिरवली आणि घोषणा सुरू केल्या, भाषण होऊच दिलं नाही. शेवटी दुसऱ्या खोलीत नेऊन मुलाखत दाखवावी लागली. बाहेर पडताना झटापट झाली आणि त्यांच्यासोबतच्या प्राध्यापिका ॲलिसन स्टँगर यांच्या मानेला इजा झाली. या बाई मरे यांच्या मताच्या नव्हत्या. त्यांना अवघड प्रश्न विचारायलाच बसल्या होत्या! प्रश्न विचारणाऱ्यालाच मार बसला, हे मला फार लागलं.

शिकागो विद्यापीठानं २०१४ मध्ये समिती नेमून धोरणच लिहून काढलं. वक्त्यावर टीका करा, निषेध करा, पण त्याला बोलायला आणि इतरांना ऐकायला अडथळा आणू नका. पुढं अनेक विद्यापीठांनी ते उचललं. इंग्लंडात २०२३ मध्ये कायदाच झाला आणि त्यातली मुख्य बंधनं ऑगस्ट २०२५ पासून लागू आहेत. सुरक्षेचा खर्च अपवाद सोडून आयोजकांच्या माथी मारायचा नाही, हेही त्यात आहे. हा मुद्दा छोटा नाही. २०१७ मध्येच अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात बेन शापिरो या उजव्या विचारांच्या भाष्यकाराच्या एका कार्यक्रमाच्या बंदोबस्ताला सुमारे सहा लाख डॉलर लागले. खर्च आयोजकांवर टाकला की बंदी घालायची गरजच उरत नाही.

---

निवृत्त_प्राचार्य

आता माझं ऐका. प्राचार्यांना सगळे भित्रे ठरवून मोकळे झालात.

त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला त्या सकाळी काय दिसतं ते सांगतो. प्रयोगशाळेत बारावीची प्रॅक्टिकल्स चालू आहेत. मैदानावर मुली आहेत. खेड्यातून एसटीनं येणाऱ्या मुलांचे पालक फोन करताहेत, 'सर, आज पाठवू का नको?' दगड एकच आला तरी काच फुटून लागणार ती कुणाच्या तरी लेकराला, आणि त्या लेकराच्या आईपुढं मी रंगराजन निकाल वाचून दाखवू शकत नाही. संस्थेला अनुदान, मान्यता, इमारतीची परवानगी, सगळ्यासाठी त्याच पुढाऱ्यांकडं जावं लागतं ज्यांचे कार्यकर्ते निवेदन घेऊन आलेले असतात. तुमच्या प्राचार्यांनी फोन आल्यावर माघार घेतली, त्याआधी रात्रभर झोपले नसतील.

मी माझ्या काळात एक केलं होतं. जूनमध्येच वर्षभराच्या व्याख्यानांची यादी महाविद्यालय विकास समितीपुढं ठेवून मंजूर करून घ्यायचो. त्यात या विचाराचे, त्या विचाराचे, सगळे असायचे. पुढं कुणी निवेदन आणलं की मी ठरावाची प्रत हातात द्यायचो आणि म्हणायचो, 'पुढच्या वर्षीच्या यादीसाठी तुम्ही नाव सुचवा, मी मांडतो.' काहींनी खरंच सुचवलं. त्यांचे वक्ते आले, बोलले, त्यांनाही मुलांनी प्रश्न विचारले. वक्त्याचं नाव गाजायला लागल्यावर नियम शोधायला गेलं की कुठलाच नियम कुणाला प्रामाणिक वाटत नाही.

---

वाईकर

सर, हा प्रतिसाद कापून प्रत्येक प्राचार्यांच्या टेबलावरच्या काचेखाली ठेवायला हवा.

---

एसवायबीए

मी विद्यार्थी आहे (याच जिल्ह्यातला). निवेदन संघटनेनं दिलं, नोटीस पोलिसांनी, निर्णय संस्थेचा. आम्हाला कुणीच विचारलं नाही. विद्यार्थी निवडणुका नव्वदच्या दशकात बंद झाल्या, २०१६ च्या कायद्यात कागदावर परत आल्या, मी कॉलेजात आल्यापासून मतपेटी बघितली नाही. म्हणजे आमच्या वतीनं बोलणारं कुणी नाहीच.

आमच्याकडं एक व्याख्यान रद्द झालं तेव्हा वसतिगृहात पोरांनी त्याच वक्त्याचे जुने व्हिडिओ लावले. रात्री दोनपर्यंत चालू होते. जे ऐकायला येणार नव्हते तेही बसले. पण त्यात मला एक खटकलं. व्हिडिओला प्रश्न विचारता येत नाही. त्यातल्या एका सनावरून आमच्या खोलीत भांडण झालं आणि बरोबर काय ते सांगायला कुणी नव्हतं. सभागृहात सर होते, ग्रंथालय शेजारी होतं.

आमची मनं फार नाजूक आहेत असं सगळ्यांनी धरून चाललंय. शेती विकून फी भरलेली पोरं आहेत इथं. एका भाषणानं बिघडणार नाही.

---

परळी_खोरं

साताऱ्यात हा विषय काढायचा आणि डॉक्टर दाभोलकरांचं नाव घ्यायचं नाही, हे मला जमणार नाही. वीस ऑगस्ट २०१३. पुण्यात पुलावर सकाळी फिरायला गेलेल्या माणसाला गोळ्या घातल्या. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी आयुष्य झिजवलं, तो कायदा डिसेंबरात विधिमंडळात मंजूर झाला तेव्हा ते नव्हते. मे २०२४ मध्ये दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले.

त्यांच्या सभा ज्यांनी पाहिल्यात त्यांना आठवेल. सभेत कुणी तावातावानं उठलं तर डॉक्टर त्याला खाली बसवायचे नाहीत, त्याला पूर्ण बोलू द्यायचे. आवाज न चढवता उत्तर द्यायचे. निवेदनातल्या 'परिणामांस जबाबदार' या शब्दांकडं म्हणूनच मला सहज बघता येत नाही. परिणाम काय असतो ते या गावानं पाहिलंय. रोखठोक, तुम्ही तसले नाही हे मान्य. मग ती ओळ निवेदनातून काढा. 'आमचा विरोध आहे, आम्ही गेटबाहेर शांततेनं उभे राहू' एवढं लिहा. तुमचं निवेदन वाचायला मी स्वतः येईन.

---

संपादक मंडळ

एका वक्त्याचं नाव तर्कानं ओळखून लिहिलेले चार प्रतिसाद काढले आहेत. धागाकर्त्यांची विनंती पाळावी.

---

शाहूपुरी_पेठ

त्यातला एक माझा. पण मला खरंच वाटतं, काय बोलणार हे न बघता सगळ्यांना एकच नियम लावता येत नाही. उद्या कुणी येऊन 'अमक्यांची दुकानं जाळा' म्हणाला तर?

---

काळाकोट

तर ती चिथावणी. भारतीय न्याय संहितेच्या १९६ खाली गुन्हा होतो आणि तो झालाच पाहिजे. याआधी कुठं तसं बोलून गुन्हे अंगावर असलेल्या माणसाला महाविद्यालयानं बोलावूच नये, त्यात दडपशाही काही नाही. पण 'याचा निष्कर्ष आम्हाला अपमानास्पद वाटतो' हे त्या खणात बसत नाही.

---

माहुलीकर

सगळ्यांचे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. दरम्यान अर्जाचं उत्तर आलं : नोटीस फक्त आम्हालाच दिली होती.

काल प्राचार्यांसमोर बसलो. त्यांना निवृत्त प्राचार्य सरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. यादी विकास समितीपुढं न्यायला ते तयार झालेत आणि त्यात हे व्याख्यान पुन्हा असेल. शनिवारी दुपारी, प्रॅक्टिकल नसताना. बंदोबस्ताचं पत्र आधीच पोलिस अधीक्षक कार्यालयात देणार, मसुदा काळाकोट मॅडम बघून देणार आहेत. विरोध करणाऱ्यांना गेटच्या डावीकडची जागा, फलक-घोषणा काहीही चालतील, व्याख्यान सुरू झालं की ध्वनिक्षेपक बंद. भाषण पन्नास मिनिटं आणि प्रश्नांना तेवढाच वेळ. नीलमोहर ताई, प्रश्नांच्या वेळात आभारप्रदर्शन घुसणार नाही, हे मी लिहून घेतलंय.

रोखठोक दादा, तुमच्या ओळखीतले अभ्यासू कुणी असतील तर नाव द्या. पहिला प्रश्न त्यांना.

---

एसवायबीए

सर, प्रश्न चिठ्ठीवर मागवू नका. चिठ्ठ्या निवडणारा आपल्याला हव्या त्याच निवडतो. माईक फिरवा.

---

रोखठोक_कोरेगाव

नाव देतो. माणूस पुस्तकं घेऊन येईल. पण शाल-श्रीफळ असेल तर आम्ही आत येणार नाही, गेटवरच बसू. यावर तडजोड नाही.

---

माहुलीकर

सत्काराचं संस्थेशी बोलावं लागेल. तिथं प्रथा जुनी आहे आणि विरोध आतूनच होईल. सोमवारी बैठक आहे, जे ठरेल ते इथं लिहितो.